खुर्चीतून उठू नका

आमच्या घरात सध्या एक गोदी आहे. वीतभर लांब, काळी, टेबलाच्या कोपऱ्यात मावणारी. इंग्रजीतून आली म्हणून तिला डॉकिंग स्टेशन म्हणायचं, एवढंच. मुंबईकराला गोदी म्हटलं की ससून डॉकची पहाट आणि तिथला वास आठवतो. आमच्या पुणेरी गोदीला वास नाही. मात्र 'जहाज लागलंय, पण माल उतरत नाही' ही तक्रार खऱ्या बंदरातलीच आहे.

जहाज म्हणजे ऑफिसचा लॅपटॉप. कल्पना अशी, की सकाळी तो पिशवीतून काढायचा, एकच केबल खुपसायची, की वीज, इंटरनेट, कीबोर्ड, माउस आणि समोर उभे असलेले दोन मॉनिटर हे सगळं एका दमात चालू. होतंही. मॉनिटर सोडून.

दोघेही पडद्यावर 'नो सिग्नल' अशी पाटी तरंगवतात, थोडा वेळ वाट बघतात आणि झोपी जातात. मला त्यांचा हेवा वाटतो. सोमवार सकाळच्या मीटिंगमध्ये मलाही नेमकं हेच करायचं असतं.

हेल्पडेस्कला फोन लावला. पलीकडचा मुलगा विलक्षण सभ्य.

"सर, रीस्टार्ट केलंत का?"

"केलं. तीनदा."

"एकदा माझ्यासमोर करता का, सर?"

म्हणजे मी घरी एकटा असताना केलेलं रीस्टार्ट कायद्याने ग्राह्य नाही. पंचांसमक्ष करावं लागतं. केलं. मग म्हणाला, पॉवर ड्रेन करू. लॅपटॉप बंद करायचा, गोदीची वायर भिंतीतून काढायची, लॅपटॉपचं बटण तीस सेकंद दाबून धरायचं. आत साचून राहिलेली उरलीसुरली वीज त्याने निघून जाते आणि गोंधळलेली यंत्रं जरा भानावर येतात. अंधश्रद्धा वाटते, पण यात तथ्य आहे. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. माझं झालं नाही. मग त्याने विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी अशी चार बटणं एकदम दाबायला लावली. पडदा क्षणभर काळा होतो, 'टुक' असा आवाज येतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. टुक झालं. बाकी काही नाही.

मग तो प्रश्न आला, ज्याच्यासाठी ही सगळी प्रस्तावना होती.

"सर, तुमच्या बाजूने काही बदललंय का?"

'तुमच्या बाजूने' हे दोन शब्द ज्याने शोधले, त्याला कुठल्याही पक्षाने प्रवक्ता म्हणून डोळे झाकून घ्यावं.

बदललं होतं. गोदीबरोबर आलेली केबल हातभर होती, लॅपटॉपपर्यंत पोचायची म्हणजे लॅपटॉपने गोदीच्या कपाळाला कपाळ लावून बसायचं. म्हणून मी तपकीर गल्लीतून दोन मीटरची केबल आणली होती. दिसायला हुबेहूब. दोन्ही टोकं टाइप-सी. मूळ केबलपेक्षा जाड आणि वर विणलेलं कापड. तिच्यावरून लॅपटॉप चार्ज होत होता, माउस पळत होता, कीबोर्ड चालत होता. मग चित्रानेच काय घोडं मारलंय?

आता इथे मला थोडं वर्ग घेतल्यासारखं बोलावं लागणार आहे. ज्यांच्या घरी सगळं चालतं त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. असा एकही वाचक असेल असं मला वाटत नाही.

टाइप-सी हे तोंडाचं नाव आहे, अकलेचं नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये हे तोंड जाहीर झालं. आत चोवीस पिना, उलटं लावा, सुलटं लावा, बसतं. आधीची यूएसबी दोनच बाजूंची असून तिसऱ्या प्रयत्नाला बसायची, त्यामुळे जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्या एकाच तोंडामागे काय काय दडलेलं असू शकतं, ते बघा. फक्त चार्जिंग करणारी केबल. चार्जिंग आणि जुन्या यूएसबी २ च्या चालीने, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट, माहिती नेणारी केबल. ५ गिगाबिटची, १० ची, २० ची. चित्र नेणारी. आणि थंडरबोल्ट, जी ४० च्याही पुढे जाते. बाहेरून सगळ्या सख्ख्या बहिणी. मोबाइलच्या खोक्यात येते ती बहुतेक वेळा दुसऱ्या जातीची. माझी तपकीर गल्लीची तीच निघाली. माउसला ४८० मेगाबिट म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एकटी सायकल. चित्राला ज्या वेगळ्या तारा लागतात, त्या तिच्या पोटात घातलेल्याच नव्हत्या. दुकानदाराला दोष देणार नाही. मी 'टाइप-सी द्या' म्हटलं, त्याने टाइप-सी दिली.

बरं, नावावरून ओळखावं म्हटलं, तर नावांची कथा आणखी वेगळी. २००८ साली आली तिचं नाव यूएसबी ३.०. वेग ५ गिगाबिट. पुढे तिचं नाव झालं ३.१ जेन १. वेग ५ गिगाबिट. मग झालं ३.२ जेन १. वेग? तोच. आमच्याकडे रस्त्यांचं नामांतर होतं तसं. पाटी नवी, समारंभ नवा, खड्डे जुने. ज्या समितीने हे केलं ती अमेरिकेत बसते, पण तिला आपल्या महापालिकेत मानद सदस्यत्व द्यायला हरकत नाही.

मला जुन्या काळचं कौतुक करायची फारशी सवय नाही, पण १९९२ साली अ‍ॅपलने ड्युओ डॉक नावाचं एक धूड काढलं होतं. पॉवरबुक ड्युओ हा अख्खा लॅपटॉप त्याच्या पोटात सरकवायचा, व्हीसीआरमध्ये कॅसेट घालतात तसा. त्या धुडात दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप शिरणारच नव्हता. नाही म्हणजे नाही, तोंडावर नाही. आताच्या गोदीत सगळ्यांचे लॅपटॉप लागतात, दिवा लागतो, चार्जिंगची खूण येते, आणि मग ती सावकाश, एकेक करून नकार देते. स्थळ बघायला बोलवायचं, पोहे द्यायचे, 'कळवतो' म्हणायचं.

जुनी हातभर केबल परत लावली. एक मॉनिटर उजळला! दुसरा झोपलेलाच. जो उजळला तोही पूर्ण शुद्धीवर नव्हता. माउसचा बाण सरकायच्या ऐवजी बेडकासारखा उड्या मारत होता.

हेल्पडेस्कला पुन्हा फोन. नवा मुलगा, तोच सभ्यपणा.

"सर, रीस्टार्ट केलंत का?"

मी भाच्याला बोलावलं.

भाचा खराडीत नोकरीला आहे. कुठल्याही यंत्राकडे तो जुने वैद्य नाडीकडे बघायचे तसं बघतो, म्हणजे बराच वेळ काही न बोलता. मग म्हणाला, "मामा, तुझा मोठा मॉनिटर फोर-के आहे ना? तो कुणी सांगितला होता घ्यायला?"

दिवाळीच्या सेलने सांगितला होता. लहान मॉनिटर ऑफिसचा, फुल-एचडी. मोठा माझ्या घामाचा.

त्याने कागद घेतला आणि पाण्याचं उदाहरण दिलं, कारण पुण्यात कुठल्याही विषयावर पाण्याचं उदाहरण चालतं. टाइप-सीमध्ये चार वेगवान नळ असतात. साधी गोदी त्यातले दोन चित्राला देते आणि दोन पेनड्राइव्ह, नेटवर्क वगैरे मंडळींना. तुझा लॅपटॉप ऑफिसने दिलेला, म्हणजे वयाने ज्येष्ठ. त्याच्या प्रत्येक नळातून सेकंदाला निव्वळ ४.३२ गिगाबिट चित्र वाहतं. दोन नळ म्हणजे ८.६४. एवढीच टाकी.

आता मागणी बघ. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, एका चित्रात जवळपास ८३ लाख ठिपके. सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे पन्नास कोटी ठिपक्यांच्या घरात. प्रत्येक ठिपक्याचे रंग सांगायला २४ बिट. एकूण १२ गिगाबिट. टाकीत साडेआठ. म्हणून लॅपटॉप गुपचूप साठाऐवजी तीसच चित्रं पाठवतो, मागणी सहाच्या थोडी वर येते, आणि बाण बेडूक होतो. उरले दोन-सव्वादोन. तुझ्या छोट्या फुल-एचडीला तीनच्या वर लागतात. त्याच्या मजल्यावर पाणी चढतच नाही.

मी कागदाकडे बघत राहिलो. तीन दिवस, दोन फोन, एक तपकीर गल्ली, आणि उत्तर पाचवीतल्या गुणाकार-वजाबाकीचं होतं. त्यातली एकही संख्या खोक्यावर छापलेली नव्हती. खोक्यावर सोनेरी अक्षरांत होतं 'ड्युअल फोर-के', आणि शेजारी एक छोटी चांदणी. त्या चांदणीचा माग काढत गेलो तर खोक्याच्या बुडाशी, मुंगीच्या अक्षरांत: लॅपटॉपच्या क्षमतेनुसार. विधानसभेत तारांकित प्रश्न विचारला तर मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. खोक्यावरच्या तारांकनाला कुणी उभं राहत नाही.

उपाय दोन होते. एक, काही लॅपटॉपांत चारही नळ चित्राकडे वळवता येतात. मग पेनड्राइव्हने जुन्या यूएसबी २ च्या बोळातून जायचं. माझ्या लॅपटॉपची ती सेटिंग ऑफिसने कुलूपबंद केलेली, ती उघडायला तिकीट काढावं लागतं, आणि तिकीट काढलं की पहिला प्रश्न कुठला येतो ते तुम्हाला आता पाठ झालं असेल. दुसरा उपाय, मोठ्या मॉनिटरला खाली उतरवायचं. सेटिंगमध्ये १९२० गुणिले १०८० केलं. छोटा ताबडतोब उजळला. बाणाचा बेडूक गेला. दोन फुल-एचडी मिळून सातच्या आत भागतं, टाकी पुरते.

तर माझा फोर-के मॉनिटर आता फुल-एचडी दाखवतो. बासुंदी-पुरीच्या पंगतीला बोलावून वरण-भातावर बोळवण. पण तो बिचारा काही बोलत नाही. हप्ते अजून चार बाकी आहेत, तेही मीच भरतो.

जाताजाता भाच्याने माझं सांत्वन केलं. महागडे लॅपटॉपही याला अपवाद नाहीत, म्हणाला. अ‍ॅपलच्या २०२० च्या एम-१ चिपच्या मॅकबुक एअरला अधिकृतपणे बाहेरचा मॉनिटर एकच चालतो. दुसरा हवा असेल तर वेगळ्या जातीची गोदी घ्यायची, जिच्यात ड्रायव्हर चित्राची घडी घालून ती साध्या माहितीसारखी यूएसबीवरून पाठवतो. फक्त मॅकवर तो ड्रायव्हर त्यासाठी 'स्क्रीन रेकॉर्ड' करायची परवानगी मागतो. बायको शेजारून म्हणाली, "म्हणजे टीव्ही लावायला आलेला माणूस कपाटाच्या किल्ल्या मागतो तसं." आमच्या घरात तांत्रिक लेखन तिने करायला हवं होतं.

आणखी एक, तुमच्यापैकी कुणाचा बिनवायरचा माउस गोदीजवळ अडखळत असेल, तर नवा माउस घेऊ नका. यूएसबी ३ ची वाहतूक २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते आणि तुमच्या माउसची ती इवलीशी पिन नेमकी त्याच पट्ट्यात कुजबुजत असते. इंटेलने २०१२ साली यावर अख्खा निबंध लिहून ठेवला आहे. पिन वायरने जरा लांब न्या. वराती शेजारून जात असताना फोनवर बोलायचं नसतं, एवढंच ते तत्त्व.

इथे हे सदर संपायला हवं होतं. पण त्यानंतर सुरू झालं ते झपाटणं.

दोन्ही मॉनिटर छान चालत, आणि दिवसातून पाच-सहा वेळा छोटा पटकन काळा पडे. दोन-तीन सेकंद. मग काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत. हेल्पडेस्क म्हणालं, ड्रायव्हर. ड्रायव्हर नवा केला. हेल्पडेस्क म्हणालं, फर्मवेअर. तेही केलं, ते चालू असताना वीज जाऊ नये म्हणून वीस मिनिटं इन्व्हर्टरकडे बघत बसलो. हेल्पडेस्क म्हणालं, "नेमकं कधी होतं सर?" मी म्हटलं, "अचानक." तो म्हणाला, "नोंद ठेवा."

ठेवली. अकरा वाजून पाच. एक वाजून दहा. चार. पाच वाजता एकदा, मग सव्वापाचला. वहीत ओळीने लिहिलेल्या त्या वेळांकडे मी आठवडाभर संशोधकासारखा बघत होतो. व्होल्टेज? वरच्या मजल्यावरची पिठाची चक्की? मंगळ?

आई त्याच खोलीत खिडकीशी बसून गवार निवडत असते. तिला मॉनिटर म्हणजे काय हे माहीत नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. एके दिवशी मान वर न करता म्हणाली, "तू उठलास की तो डोळे मिटतो."

"कोण?"

"तो बारका."

अकरा पाच म्हणजे चहा. एक दहा म्हणजे जेवण. चार म्हणजे पुन्हा चहा. पाच म्हणजे दार वाजलं होतं, कुरिअर. सव्वापाच म्हणजे तोच कुरिअरवाला, सही राहिली होती.

प्रयोग केला. उठलो. काळा. बसलो. उठलो. काही नाही. बसलो, जरा धप्पकन. काळा. दहा वेळा उठाबशा काढल्या, सात वेळा छोट्याने डोळे मिटले. बायको दारात उभी होती. ती काही बोलली नाही, आणि पंचवीस वर्षांच्या संसारात असं फार वेळा झालेलं नाही.

भाच्याला फोन केला. तो आधी हसला. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला तेव्हा हसत नव्हता. डिस्प्लेलिंक नावाची, त्या घडी घालणाऱ्या तंत्राची कंपनी आहे; तिच्याच मदतीच्या पानावर हे लिहून ठेवलेलं आहे. गॅसच्या नळकांड्यावर वरखाली होणाऱ्या ऑफिस-खुर्च्या. माणूस बसला-उठला की त्यांच्यात स्थिर वीज साठते आणि ठिणगीएवढ्या क्षणात सुटते. त्यातून विद्युतचुंबकीय झटका निघतो, मॉनिटरची केबल तो अँटेनासारखी पकडते, चित्राचा ताल चुकतो, आणि ताल परत जुळेपर्यंत पडदा काळा. केबलचं बाहेरचं जाळीदार कवच चांगलं असेल तर झटका आत शिरत नाही. माझ्या छोट्या मॉनिटरची एचडीएमआय केबल कुठून आणली होती, ते मी सांगणार नाही. गल्लीचं नाव वर येऊन गेलं आहे.

खुर्चीतून उठलं की अंधार होतो, हे राज्यातल्या कुठल्याही आमदाराने मला फुकट सांगितलं असतं. मी उगाच फर्मवेअर बदलत बसलो.

हेल्पडेस्कला कळवणं माझं कर्तव्य होतं. यावेळी पहिला मुलगा मिळाला, तोच सभ्य.

"सापडलं," मी म्हटलं. "खुर्ची."

पलीकडे शांतता. कीबोर्डचाही आवाज नाही.

"सर, खुर्ची... लॅपटॉपला जोडली आहे का?"

समजावून सांगितलं. गॅस, ठिणगी, अँटेना, आईची गवार. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की खुर्ची आयटीच्या अखत्यारीत येत नाही, ती अ‍ॅडमिनकडे. आणि घरची खुर्ची असेल तर अ‍ॅडमिनकडेही नाही. संध्याकाळी तिकीट बंद झाल्याची मेल आली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: युजरच्या बाजूने.

नवी, कवचवाली केबल मागवली आहे. ती यायची तेव्हा येईल. तोपर्यंत मी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून आणली. आजोबांच्या वेळची सागवानी, चार पाय, गॅस नाही, चाकं नाहीत, हलायचीच पद्धत नाही. पाठ दुखते, पण छोटा दिवसभर टक्क जागा असतो.

अडचण एकच. जेवणाच्या टेबलाला खुर्च्या चारच आहेत आणि आम्ही घरात तिघं. रविवारी बायकोचा भाऊ-भावजय जेवायला यायचे आहेत. ते जेवून, वामकुक्षी करून, चहा घेऊन निघेपर्यंत माझा दुसरा मॉनिटर बंद राहील.